दोनशे सत्त्याण्णव नंबरचा हिरवा

गॅरी यामामोटो यांनी सुरू केलेल्या, माशांची आमिषं बनवणाऱ्या कंपनीच्या रंगयादीत २९७ म्हणजे ग्रीन पम्पकिन, आत मोठी काळी चमकी. १९४ म्हणजे वॉटरमेलन, त्यातही काळीच चमकी. एकाचं नाव भोपळ्यावरून, दुसऱ्याचं कलिंगडावरून. दोन्ही हिरवेच, पण अमेरिकेत बास मासा पकडणाऱ्या माणसाला एकाच्या जागी दुसरा देऊन बघा, तो पाकीट परत करेल. वस्तू म्हणाल तर बोटभर लांबीचा, मीठ घालून जड केलेला मऊ प्लास्टिकचा तुकडा. तो गळात ओवायचा, पाण्यात सोडायचा आणि माशाला तो जिवंत वाटेल अशी आशा करत बसायचं. दुकानाच्या भिंतीवर असे रंग ओळीनं टांगलेले असतात. तरीही कितीतरी माणसं सुट्टीच्या दिवशी तळघरात नाही तर गॅरेजमध्ये उभी राहून नेमका तोच रंग घरी जमवण्याची खटपट करत असतात.

पैसे वाचतात, असं सुरुवातीला सगळेच सांगतात. साचे, पिचकाऱ्या, रंगाच्या बाटल्या, चमकीच्या बरण्या यांचा हिशेब एकदा मांडला की ते वाक्य पुन्हा ऐकू येत नाही. खरं कारण वेगळं असतं. एका कंपनीचा आकार आवडतो आणि दुसरीचा रंग, किंवा हमखास मासा देणारा रंग कंपनीनं यादीतून काढून टाकलेला असतो. मग पाकिटात उरलेला शेवटचा तुकडा समोर ठेवून, हा असाच पाहिजे, म्हणून माणूस कामाला लागतो. आकाराची नक्कल सोपी आहे. प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये तुकडा दाबला की साचा तयार. रंगाची नक्कल हे मात्र वेगळंच प्रकरण आहे.

या प्रकरणाचा उगम ओहायो राज्यातल्या ॲक्रन शहरात आहे. मी तिथून जवळच राहतो, त्यामुळे थोडा पक्षपात गृहीत धरावा. ॲक्रन हे टायरवाल्यांचं गाव. गुडइयर, फायरस्टोन, गुडरिच सगळे इथलेच. १९२६ साली गुडरिचमध्ये वॉल्डो सेमन नावाचा रसायनतज्ज्ञ रबर धातूला चिकटवणारं काहीतरी शोधत होता. पीव्हीसी तेव्हा माहीत होतं, पण कडक, ठिसूळ आणि निरुपयोगी म्हणूनच. सेमननं ते उशिरा उकळणाऱ्या एका द्रवात तापवलं. थंड झाल्यावर हाती आलं ते चिकटत तर नव्हतंच, उलट वाकत होतं, दाबलं तर परत फुगत होतं. रेनकोट, न्हाणीघराचे पडदे, तारांवरचं वेष्टण हे सगळं पुढे त्यातून आलं. सेमन १९९९ साली, शंभर वर्षांचा होऊन वारला.

त्या प्रयोगानंतर तेवीस वर्षांनी, १९४९ साली, त्याच शहरात निक क्रीम या यंत्रकारागिरानं आणि त्याची बायको कॉस्मा हिनं घरच्या शेगडीवर तशाच मऊ प्लास्टिकचं गांडूळ ओतलं. साचा खऱ्या गांडुळावरून घेतलेला. मऊ प्लास्टिकच्या आमिषांचा आजचा सगळा धंदा त्या शेगडीपाशी सुरू झाला असं म्हणायला हरकत नाही. क्रीमची कंपनी पुढे टेक्सासमधल्या टायलरला गेली, कारण गिऱ्हाईक तिकडे होतं. तिथे नवी धरणं झाली होती आणि त्यांत बास माजले होते.

क्रीमचं पहिलं गांडूळ गांडुळाच्या रंगाचं होतं. पण फार काळ कुणी त्या रंगाला चिकटून राहिलं नाही. जांभळं गांडूळ आलं आणि दक्षिणेकडच्या तळ्यांवर त्याचा असा बोलबाला झाला की काही काळ दुसरा रंग विचारणारा माणूस अडाणी ठरायचा. अलाबामातल्या युफॉलाच्या टॉम मान यांनी फळांच्या वासाची आणि रंगाची ‘जेली वर्म’ काढली, त्यांतही द्राक्षाचा जांभळा होताच. जांभळं गांडूळ कुठल्याही तळ्याकाठी सापडत नाही. म्हणजे निसर्गाशी रंग जुळवण्याचा प्रश्न फार लवकर मागे पडला. तेव्हापासून रंग जुळवायचा तो दुसऱ्या प्लास्टिकशी.

मी हे सगळं शिकलो ते एका मराठी स्नेह्यांच्या गॅरेजमध्ये. मूळचे रेवदंड्याचे. ॲक्रन विद्यापीठात पॉलिमरचं शिक्षण घ्यायला आले आणि इथेच नोकरीला लागले. मासे पकडणं त्यांच्या घरातच आहे. वडील कुंडलिकेच्या खाडीत गळ घेऊन बसायचे, असं ते सांगतात. त्यांना नाव छापून आलेलं आवडणार नाही, म्हणून नाव देत नाही. त्यांच्या गॅरेजात दर शनिवारी एक म्हातारबुवा येतात. आयुष्य टायरच्या कारखान्यात गेलेले आणि रंगाच्या बाबतीत अत्यंत हेकट. या दोघांचं मुळात जमतं कसं हे मला अजून कळलेलं नाही. वहिनींनी सुरुवातीलाच मला बजावलं, “भाऊजी, घरात मायक्रोवेव्ह दोन आहेत. गॅरेजमधल्यात चुकूनसुद्धा चहा गरम करू नका हं. त्यात यांची गांडुळं शिजतात.”

खरोखरच शिजतात. कच्चा माल म्हणजे प्लास्टिसॉल. पीव्हीसीचे अगदी बारीक कण एका तेलकट द्रवात तरंगत ठेवलेले. हा द्रव म्हणजे प्लास्टिक मऊ ठेवणारा घटक, बरेचदा थॅलेट वर्गातला. आता थॅलेट नसलेलाही मिळतो. बाटलीतून ओतताना माल पांढराफेक आणि दाट असतो. तापवायला लागलं की आधी त्याच्या गुठळ्या होतात, नवख्याला वाटतं बिघडलं. तापमान ३५० फॅरनहाइटच्या, म्हणजे साधारण १७५ सेल्सिअसच्या आसपास गेलं की कण तो द्रव पिऊन फुगतात, एकजीव होतात आणि पांढरेपणा जाऊन सगळं नितळ होतं. आणखी तापवलं तर आधी पिवळं, मग तपकिरी, आणि करपलं की हायड्रोजन क्लोराइडचा झोंबणारा धूर. त्यासाठी रसायनांचा मुखवटा लागतो, धुळीचा कापडी मास्क इथे कुचकामी. साच्यात पाण्याचा एक थेंब राहिला तरी त्याची वाफ होऊन उकळतं प्लास्टिक अंगावर उडतं. स्नेह्यांच्या गॅरेजमध्ये हातमोजे न घालणाऱ्याला बाहेर काढतात, पाहुणा असला तरी.

रंगाची पहिली अडचण इथेच, म्हणजे रंग घालण्याच्याही आधी उभी राहते. शिजलेलं प्लास्टिक आपण नितळ म्हणतो, पण ते पाण्यासारखं बिनरंगी नसतं. त्यात पिवळसर झाक असतेच. एकदा तापवलेलं पुन्हा तापवलं की ती वाढते. निळा घातला तर तो किंचित हिरव्याकडे झुकतो. मोतिया पांढरा मळका वाटतो. उष्णता सोसवणारं औषध घालून हे लांबवता येतं, टाळता येत नाही. म्हणून पहिल्या ओतीचा रंग आणि उरलेलं वितळवून केलेल्या तिसऱ्या ओतीचा रंग, कृती तीच असून, वेगळे येतात. वहीत लिहिलेल्या थेंबांवर विश्वास ठेवणारा माणूस इथे पहिल्यांदा चिडतो.

दुसऱ्यांदा चिडतो ते कपात बघून. माझंही सुरुवातीला लक्ष कपाकडेच असायचं. स्नेही म्हणाले, “अहो, कपात काय बघताय? कपात सगळेच काळे. शेपूट बघा.” चार बोटं खोल कपातला ग्रीन पम्पकिन जवळजवळ काळा दिसतो, पेन्सिलीएवढ्या जाडीच्या अंगात तो मातकट हिरवा असतो आणि कागदाएवढ्या पातळ शेपटीत हिरवट सोनेरी. रंग पारदर्शक असेल तर उजेड त्यातून जेवढा लांब प्रवास करेल तेवढा शोषला जातो. जाडी दुप्पट करणं आणि रंग दुप्पट घालणं यांचा परिणाम जवळजवळ एकच. म्हणजे जाड अंगाच्या आमिषातला रंग पातळ शेपटीच्या आमिषात हवा असेल तर कृती बदलायला हवी. कंपन्याही तेच करतात. त्यांचा एकाच नंबरचा रंग प्रत्येक आकारात एकाच प्रमाणानं घातलेला असतो असं मानायचं कारण नाही.

यात आणखी एक गंमत आहे. काही द्रव पातळ थरात एका रंगाचे आणि जाड थरात दुसऱ्याच रंगाचे दिसतात. नुसते फिके-गडद नव्हे, रंगच वेगळा. स्लोव्हेनियाच्या सामो आणि मार्को क्रेफ्ट यांनी २००७ साली भोपळ्याच्या बियांच्या तेलावर अभ्यास करून याचं कारण मांडलं. ते तेल पातळ थरात हिरवं आणि जाड थरात लाल दिसतं. आपल्याकडे कोकमाचं आगळ बाटलीत काळं आणि पेल्यात पाणी घातलं की तांबडं दिसतं, त्याच्या पुढची पायरी ही. हिरव्यात नारिंगी आणि काळा मिसळून तयार केलेलं प्लास्टिकही असंच वागतं. जाड भागात तपकिरी पुढे येतो, पातळ भागात हिरवा. ग्रीन पम्पकिनची सगळी मोहिनी या दुटप्पीपणात आहे, असं माझं मत आहे. तो नुसता मातकट हिरवा असता तर इतकी वर्षं कुणी विचारलं नसतं.

त्यामुळे नमुन्याशी जुळवताना दोघं आधी मूळ तुकडा कापतात. आडवी एक पातळ चकती. मग कपातलं थोडं प्लास्टिक काचेवर तेवढ्याच जाडीचं सांडतात, ते थंड होऊ देतात आणि दोन्ही शेजारी ठेवून पांढऱ्या कागदावर, काळ्या कागदावर आणि उजेडासमोर धरून बघतात. पांढऱ्यावर जुळलं आणि काळ्यावर नाही, तर त्याचा अर्थ रंगात कुठेतरी पांढरा किंवा मोतिया चूर्ण लपलंय. पारदर्शक रंग उजेड गिळतात. पांढरं चूर्ण तो विखरून परत पाठवतं. दोन्हींचं काम वेगळं, आणि मऊ आमिषात दोन्ही थोडी थोडी असतात. पॉल कुबेल्का आणि फ्रान्झ मुंक यांनी १९३१ साली रंगाच्या थरात उजेड किती शोषला जातो आणि किती विखुरतो याचं गणित मांडलं. रंगाच्या दुकानातलं यंत्र भिंतीचा रंग जुळवून देतं ते याच पायावर. पण ते सगळ्यात सुखात असतं झाकणाऱ्या, अपारदर्शक रंगात. अर्धवट पारदर्शक, मध्ये चमकी असलेलं, एका टोकाला जाड आणि दुसऱ्याला पातळ असं गांडूळ यंत्रापुढे धरलं तर यंत्र काहीतरी एक आकडा सांगतं, पण तो नेमक्या कुठल्या भागाचा हे सांगत नाही.

मीठही असंच घात करतं. आमिष जड व्हावं, सावकाश बुडावं, माशानं तोंडात धरून ठेवावं म्हणून त्यात बारीक दळलेलं मीठ घालतात. यामामोटोंचं ‘सेंको’ हे आमिष प्रसिद्ध झालं ते बरंचसं या मिठाच्या वजनामुळे आणि बुडताना अंग थरथरवण्यामुळे. मिठाचे कण उजेड विखरतात, म्हणून नितळ रंग धुरकट आणि फिका होतो. बिनमिठाच्या प्लास्टिकात तंतोतंत जमलेला वॉटरमेलन मीठ पडल्यावर दोन पायऱ्या खाली येतो. रंग आधी लावून मग मीठ घालणारे नवशिके असतात. म्हातारबुवा आधी मीठ घालतात आणि मग रंगाला हात लावतात, आणि हे सांगताना मान ताठ करतात.

रंग घालण्याचा क्रम फिक्याकडून गडदाकडे. काळा सगळ्यात शेवटी, आणि तोही बाटलीतून कधीच नाही. दातकोरण्याचं टोक काळ्यात बुडवायचं, पुसायचं, आणि जे उरलं तेवढंच कपात फिरवायचं. काळ्याचा एक पूर्ण थेंब छोट्या कपातला हिरवा कायमचा बुडवतो, तिथून परत येण्याचा रस्ता नाही. हिरवा फार कोवळा वाटला तर काळ्याऐवजी नारिंगीचा अंश घालायचा. तो हिरव्याची धार मारतो, उजेड न मारता. बाटली हलवून घेतली नाही तर तळाशी बसलेलं चूर्ण तिथेच राहतं. म्हणजे भरलेल्या बाटलीचे पहिले थेंब पाणचट आणि संपत आलेल्या बाटलीचे शेवटचे थेंब जहाल. प्रत्येक कंपनीच्या बाटलीचं तोंडही वेगळं, थेंब लहान-मोठा. म्हणून स्नेह्यांनी थेंब मोजणं सोडून सोनाराकडच्यासारखा बारीक वजनकाटा आणला. त्यांच्या वहीत आता ग्रॅम आहेत. म्हातारबुवांच्या वहीत अजून थेंब आहेत, आणि समासात ‘जरा जास्त’, ‘इथे थांब’ असे शेरे आहेत. मला विचाराल तर त्यांचे शेरे जास्त उपयोगी आहेत, पण हे मी गॅरेजमध्ये बोलत नाही.

मग चमकी. ही पॉलिएस्टरच्या फिल्मची, षटकोनी कापलेली असते आणि तिचं माप इंचाच्या हजाराव्या भागात सांगतात: १५, ३५, ६२. म्हणजे सर्वांत बारीक अर्ध्या मिलिमीटरपेक्षा लहान आणि सर्वांत मोठी दीड मिलिमीटरच्या थोडी वर. हस्तकलेच्या दुकानातली स्वस्त चमकी गरम प्लास्टिकात रंग सोडते किंवा आकसते, त्यामुळे उष्णता सोसणारीच लागते. रंग जुळवताना लोक चमकीला शेवटची सजावट समजतात आणि तिथे फसतात. चमकी हा रंगाचाच भाग आहे. काळी बारीक चमकी दाट घातली की हाताएवढ्या अंतरावरून ती चमकी म्हणून दिसतच नाही, सगळा रंगच एक पायरी गडद होतो. तेवढ्याच वजनाची मोठी चमकी घातली तर रंग तसाच राहतो आणि ठिपके उठून दिसतात. लाल चमकी उन्हात झळकते. स्वच्छ पाण्यात खाली जाता जाता लाल उजेड सगळ्यात आधी संपतो आणि तीच चमकी काळ्या ठिपक्यासारखी दिसू लागते. त्यातून चमकी जड. कप थोडा वेळ तसाच ठेवला की ती तळाला जाते आणि पहिलं गांडूळ रिकामं, शेवटचं भरगच्च असं होतं. पिचकारी भरण्याआधी ढवळायचं, दाबण्याआधी पुन्हा ढवळायचं.

मोटर ऑइल नावाचा रंग हा या सगळ्यांचा बाप. जुन्या इंजिन तेलासारखा दिसतो: समोरून धरला तर तपकिरी-पिवळा, कडेनं आणि उन्हात धरला तर हिरवा पेटतो. हा हिरवा नेहमीच्या अर्थानं रंग नाहीच. तो चमकणाऱ्या द्रव्याचा परतावा आहे, उन्हातला अतिनील आणि जांभळा-निळा उजेड घेऊन हिरव्यात परत दिलेला. गॅरेजच्या एलईडी दिव्यात अतिनील जवळजवळ नसतं, त्यामुळे तिथे जुळलेला मोटर ऑइल तळ्यावर मेलेला निघतो. चमकणारं द्रव्य नसलं तरी फसगत होते. दोन तुकडे दिव्याखाली जुळे दिसतात आणि अंगणात नेले की एक हिरवट, एक लालसर. त्यांची द्रव्यं वेगळी असतात. एका उजेडात ती डोळ्याला सारखा हिशेब देतात, दुसऱ्यात देत नाहीत. कापड रंगवणाऱ्यांना हे पूर्वीपासून ठाऊक आहे, साडीवरचा ब्लाउज दुकानाबाहेर नेऊन बघणाऱ्या बायकांनाही. स्नेह्यांनी शेवटी गॅरेजचं दार उघडं ठेवून रंग जुळवायला सुरुवात केली. ओहायोच्या जानेवारीत ही काही चैन नाही.

रंग जुळला म्हणून टिकतो असंही नाही. मऊ प्लास्टिकातला द्रव स्थिर बसत नाही, सारखा हिंडत असतो, आणि काही रंगद्रव्यं त्याच्याबरोबर प्रवास करतात. लाल आणि झगझगीत पिवळा-हिरवा हे त्यांतले कुख्यात. पाठ काळी आणि पोट लाल असं दुरंगी गांडूळ दोन पिचकाऱ्या एकदम दाबून ओततात. काही आठवड्यांनी लाल हळूहळू शेजारच्या रंगात शिरतो आणि मधली रेघ पुसते. पांढऱ्या पोटाचं तर गुलाबी होऊन बसतं. न उतरणारी द्रव्यं मिळतात, पण त्यांतली बरीच अपारदर्शक, म्हणजे नितळपणा गेला. वेगवेगळ्या रंगांची आमिषं एका पिशवीत ठेवली तर सगळ्यांचे सगळ्यांना डाग. आणि कडक प्लास्टिकच्या चुकीच्या डबीत ठेवली तर डबीच वितळून चिकट होते, कारण तो द्रव तिलाही मऊ करतो.

ही सगळी मेहनत ज्याच्यासाठी, त्याला काय दिसतं? बास माशाला हा प्रश्न फार पूर्वीच विचारून झालाय. इलिनॉयमध्ये फ्रँक ब्राउन यांनी १९३७ साली लार्जमाउथ जातीच्या बासच्या रंगज्ञानावर प्रयोग छापले. त्यांचा निष्कर्ष असा होता की पिवळट चष्मा घातलेल्या माणसाला जग जसं दिसेल तसं काहीसं या माशाला दिसत असावं. १९८० च्या दशकात ओक्लाहोमा विद्यापीठाचे लोरेन हिल यांनी ‘कलर-सी-लेक्टर’ नावाचं यंत्र बाजारात आणलं. तारेला बांधलेला शोधक पाण्यात सोडायचा आणि आज कुठल्या रंगाचं आमिष लावायचं ते तबकडीवर वाचायचं. काही काळ प्रत्येक होडीत ते असायचं असं म्हातारबुवा सांगतात. त्यांच्या स्वतःच्या यंत्रावर आता कोळ्यांची जाळी आहेत.

२०१९ साली पुन्हा इलिनॉयमधूनच एक अभ्यास आला. माणसाच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी तीन प्रकारच्या, या माशात दोनच: एक हिरव्याला संवेदनशील, सुमारे ५३५ नॅनोमीटरपाशी, आणि दुसरी लालसर उजेडाला, सुमारे ६१४ पाशी. निळ्यासाठी वेगळी पेशी नाही. खाऊ देऊन शिकवलेल्या माशांनी लाल आणि हिरवा फार चांगला ओळखला. पण झगझगीत पिवळा-हिरवा आणि पांढरा यांत त्यांचा गोंधळ झाला, तसाच निळ्या आणि काळ्यात. आता दुकानाच्या भिंतीकडे बघा. काळा-निळा हा गढूळ पाण्यातला सर्वांत लाडका जोड. निळी चमकी कुठल्या मापाची यावर माणसं वाद घालतात. माशाला बहुधा एक काळी वस्तू दिसते.

हे मी स्नेह्यांना सांगितलं. त्यांना ते आधीच माहीत होतं. “मासा पाकीट विकत घेत नाही ना,” ते म्हणाले. मला हे उत्तर पटलं, पण अर्धंच. हिरवा आणि लाल, म्हणजे तपकिरी ज्यातून बनतो ते दोन, मासा चांगले वेगळे करतो. ग्रीन पम्पकिन आणि वॉटरमेलन यांतला फरक नेमका याच पट्ट्यातला आहे: लालसर किती, हिरवा किती. काळ्यातल्या निळ्यावर भांडणारे हवेत भांडत असतील. भोपळा की कलिंगड यावर भांडणाऱ्यांना मात्र माशाच्या डोळ्याचा थोडा आधार आहे.

आणि आमच्या भागात तो फरक अनुभवाला येतो. ईरी सरोवर ॲक्रनहून तासाभरावर. १९८० च्या दशकाच्या शेवटी झेब्रा मसल हे परदेशी शिंपले या महासरोवरांत पसरले आणि पाणी गाळू लागले. पाठोपाठ १९९० साली सेंट क्लेअर नदीत गोबी हा काळ्या समुद्राकडचा छोटा मासा सापडला, जहाजांच्या तळातल्या पाण्यातून आलेला. काही वर्षांत ईरीच्या तळाशी गोबीच गोबी झाले आणि स्मॉलमाउथ जातीचे बास तेच खाऊन पोसू लागले. गोबी मातकट हिरवट-तपकिरी, अंगावर गडद डाग, पाठीच्या पुढच्या परावर एक काळा ठिपका. पाणी स्वच्छ झालं म्हणजे माशाला नीट दिसू लागलं, आणि समोर दिसणारं खाणं ग्रीन पम्पकिनच्या रंगाचं. जांभळ्या गांडुळानं निसर्गाशी मोडलेलं नातं इथे असं अपघातानं पुन्हा जुळलं. मात्र विणीच्या काळात गोबीचा नर घरट्यावर बसतो तेव्हा काळाठिक्कर होतो. स्नेही त्या दिवसांसाठी काळ्याकडे झुकलेली वेगळी ओत करतात. म्हातारबुवा करत नाहीत. पकडतात दोघंही सारखेच.

सरोवरात राहून जाणाऱ्या प्लास्टिकबद्दल बोललं पाहिजे, जरी गॅरेजमध्ये ते नाखुशीनंच बोललं जातं. मासा ओढून नेतो, गळावरून निसटतं, माणूस फाटकं आमिष पाण्यात टाकतो. ते कुजत नाही. मेन राज्यात २०१३ साली रबरी आमिषांवर बंदी घालणारं विधेयक आलं होतं. ते बंदीपर्यंत पोचलं नाही. स्नेही फाटकी आमिषं गोळा करून रंगवार बरण्यांत ठेवतात आणि वितळवून पुन्हा ओततात. सगळे रंग एकत्र वितळवले की निघतो एक घाणेरडा तपकिरी, आणि त्यावरही मासे लागतात. या गोष्टीची गॅरेजमध्ये जास्त चर्चा होत नाही.

गावी जाताना स्नेही दोन डबे भरून आमिषं नेतात. रेवदंड्याला त्यांचा चुलतभाऊ जिताड्याच्या मागे असतो. पहिल्या वर्षी मोठ्या कौतुकानं त्यांनी ग्रीन पम्पकिन नेला. चुलतभावानं उन्हात धरून बघितलं आणि म्हणाला, “दादा, हा शेवाळाचा रंग कशाला आणलास? आमच्या खाडीचं पाणी बघ की.” गढूळ, भरतीबरोबर गाळ उचलणारं पाणी, आणि जिताडा त्यात बोयटं, कोळंबी खाणारा. त्याला पांढरा पाहिजे होता, मोतिया, पाठीवर जरा पोपटी. स्नेह्यांनी पुढच्या खेपेला तसा नेला, आणि पांढरा पांढराच ठेवायचा म्हणून प्रत्येक कप एकदाच तापवला, उरलेलं मोटर ऑइलमध्ये ढकललं. तिकडचा जिताडा आणि इकडचा बास यांच्यासाठी करायच्या रंगांत काही साम्य नाही. फक्त पिवळ्या झाकेशी भांडण दोन्हीकडे.

सध्या गॅरेजमध्ये जे चाललंय ते सगळ्यांत अवघड आहे. म्हातारबुवांकडे त्यांच्या तरुणपणीचं एक जांभळं गांडूळ आहे. कुठल्या कंपनीचं ते त्यांना आठवत नाही, पाकीट केव्हाच गेलं. त्यांना तसंच पाहिजे. पण तसं म्हणजे कसं? इतक्या वर्षांत त्यातला द्रव बाहेर आलाय, अंग आकसलंय, कडक झालंय. वरचा थर तपकिरी पडलाय. डबीतल्या एका लाल आमिषाचा डाग त्याच्या शेपटीवर चढलाय. म्हातारबुवा म्हणतात, ते नवं होतं तेव्हाचा रंग मला डोळ्यासमोर दिसतो. स्नेही म्हणतात, डोळ्यासमोरच्या रंगाची चकती कापता येत नाही. बरीच घासाघीस होऊन गांडूळ मधोमध कापायला म्हातारबुवा तयार झाले. आत गाभ्यात अजून जांभळा आहे, बाहेरच्यापेक्षा बराच लालसर, आणि उजेडासमोर धरला तर त्यात कसलीतरी अगदी बारीक निळी चमकी दिसते. ती बाहेरून इतकी वर्षं कुणालाच दिसली नव्हती. गाभ्याचाच रंग धरायचा असं ठरलं. चार ओती झाल्या. पाचवीत काळ्याचं एक टोक जास्त पडलं असं म्हातारबुवांचं म्हणणं आहे, स्नेह्यांना ते मान्य नाही, आणि पुढच्या शनिवारी ऊन पडलं तर दार उघडून दोन्ही तुकडे बाहेर न्यायचे आहेत.